मेणमास्तरांनी न उघडलेलं नळकांडं

मेणमास्तर हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. जुने रेडिओ दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्या रेडिओंच्या पोटात बोटाएवढी पुठ्ठ्याची नळकांडी असतात, वीज साठवून बेताबेतानं सोडणारी. कंडेन्सर म्हणतात त्यांना. वर्षं सरली की ती आतल्या आत सुकून जातात. दुसरा मेकॅनिक सरळ जुनं तोडतो, केरात टाकतो आणि नवा कंडेन्सर कथलानं डाखून मोकळा होतो. मास्तरांच्या लेखी हा गुन्हा होता. ते नळकांडं शेकून आतला ऐवज ढकलून काढायचे, पोकळीत शेंगदाण्याएवढा नवा कंडेन्सर बसवायचे आणि दोन्ही तोंडं वितळलेल्या मेणानं बुजवायचे. वरची छपाई, डाग, सगळं जिथल्या तिथे.

"कारखान्यातला माणूस आला तरी ओळखणार नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मेण वितळवायला बायकोची चांगली वाटी गेली होती, तेवढं मात्र ऐकवायचे नाहीत.

गुरुवारपासून मात्र मास्तरांच्या तोंडाला कुलूप होतं. समोर थोरल्या बहिणीचा, अक्काचा रेडिओ उताणा पडलेला. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच नखशिखांत नवा केलेला. आता लावला की गाण्याच्या आधी घूंऽऽऽ करून असा गुरगुरायचा की निवेदिका विहिरीतून बोलतेय असं वाटावं. अक्काचे यजमान गेल्या वर्षी गेले. ती आता लेकीकडे राहायला निघाली होती. लेकीनं आईला स्वच्छ सांगितलं होतं, "वाजत असेल तर आण. शोभेचं खोकं ठेवायला माझ्याकडे जागा नाही." सामानाची गाडी शनिवारी दुपारी बाराला अक्काच्या दारात येणार होती.

गुरुवारी मास्तरांनी व्हॉल्व्ह बदलून पाहिले. घूंऽऽऽ. शुक्रवारी ट्रान्सफॉर्मर सोडवला, तपासला, परत बसवला. घूंऽऽऽ. संध्याकाळी वायर अन् वायर हलवून झाली. शनिवारी सकाळी पाना हातातून सुटून पायाच्या अंगठ्यावर पडला, तेव्हा खिडकीतून जो शब्द बाहेर आला तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

"अहो, शेजारी माणसं राहतात," बायको दारात येऊन म्हणाली.

"राहू देत. त्यांच्याकडे रेडिओ नाही, सुखी आहेत."

"मी काय म्हणते, ते कंडेन्सर..."

"ते मी बदललेत."

"हो, पण बघितलेत का?"

"सातच्या सात बदललेत! माझ्या हातानं! मेण बघ, दिसतंय ना? स्वतःचंच काम तपासत बसू? मग उद्या जेवल्यावर पोट भरलं का तेही तुलाच विचारतो."

"ते तुम्ही रोजच विचारता. 'अजून काही आहे का' म्हणून." ती जायला निघाली, पुन्हा वळली. "तीन दिवस दुसऱ्यांच्या भागांवर संशय घेऊन झाला. वन्सं अकराला येतायत. बघा बाई तुमचं तुम्ही."

साडेदहा वाजले होते. मास्तर निव्वळ तिला गप्प करायला उठले. एक नवा कंडेन्सर घेतला, त्याला चिमटे लावले आणि पहिल्या नळकांड्याच्या दोन टोकांना जोडून धरला. जुना मेला असेल तर नवा त्याचं काम करतो आणि आवाज लगेच सुधारतो. पहिलं, काही नाही. दुसरं, काही नाही. "बघ!" ते आतल्या खोलीकडे ओरडले. तिसरं, चौथं, पाचवं. सहाव्याला चिमटे लागले आणि गुरगुर कापून काढल्यासारखी थांबली. बाई खणखणीत आवाजात हवामान सांगत होती.

 मास्तरांनी रेडिओ बंद केला, साठलेली वीज उतरवली, सहावं नळकांडं सोडवून शेकलं आणि ढकललं. आतून शेंगदाणा आला नाही. काळी पडलेली कागद-पत्र्याची गुंडाळी आली, कारखान्यातली, मूळची, कधीच न उघडलेली.

आणि त्यांना आठवलं. बारा वर्षांपूर्वी त्या दिवशी त्या मापाचा एक नवा कंडेन्सर कमी पडला होता. अक्का संध्याकाळी न्यायला येणार होती. जुना तेव्हा मीटरवर बरा दाखवत होता. पुढच्या आठवड्यात बदलू म्हणून त्यांनी बाकीच्या सहांसोबत त्याच्याही तोंडांना मेण फिरवलं होतं, सगळे एकसारखे दिसावेत म्हणून. पुढचा आठवडा आलाच नाही. मेण इतकं बेमालूम होतं की पुढे त्यांचं त्यांनाच खरं वाटलं.

नळकांडं भरायला आता वेळ नव्हता. नवा कंडेन्सर तसाच उघडा डाखला, तोवर अक्का आली.

"वाजतोय?"

त्यांनी बटण फिरवलं. खोली स्वच्छ आवाजानं भरली. अक्का खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिली.

"अगं बाई! इतका तर हा कधीच वाजला नव्हता रे. आधीपासून बारीक घूं असायचंच याला. तुला दोनदा विचारलं, तू म्हणालास घरातली अर्थिंग खराब आहे. आम्ही भिंत फोडून घेतली!"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मास्तरांनी ती काळी गुंडाळी तिच्या हातावर ठेवली.

"भिंतीत काही नव्हतं, अक्का. हा एक मी बदललाच नव्हता. वरून मेण लावलं होतं नुसतं."

"म्हणजे बारा वर्षं..."

"बारा वर्षं."

अक्का ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"रोज संध्याकाळी मी यांना बोलायचे," ती म्हणाली. "स्टेशनचा काटा धड लावता येत नाही, कान फुटलेत का तुमचे, म्हणून. पाहुण्यांसमोरसुद्धा. ते उठायचे रे बिचारे. केसभर इकडे, केसभर तिकडे. 'आता बरं आहे का?' विचारायचे. मी म्हणायचे, राहू द्या, तुमच्याच्यानं नाही व्हायचं." तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली. "आता कुणाला सांगू मी, की तुमची चूक नव्हती?"

"अक्का, मी..."

"तू नको बोलूस. तुला आत्ता काही बोलले तर ते फार वाईट असेल, आणि मला गाडी गाठायचीय."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती दारातच थांबली. खाली थांबवून ठेवलेल्या रिक्षाचा हॉर्न वाजला. अक्कानं रेडिओ स्वतः बंद केला.

"उचल," ती म्हणाली. "आणि जिन्यात जपून. मागच्या झाकणाचा स्क्रू अजून लावायचाय तुझा."