टकटकताईंचं पुलावरचं ग्रीक

पुलाच्या कचेरीत टाइप करणाऱ्या बाईंना खरं नाव होतं, पण ते पगारापुरतं. एरवी सगळे त्यांना टकटकताई म्हणायचे. ताई दोनच कामं करायच्या, टाइप करायच्या आणि बोलायच्या, आणि दोन्हींचा वेग सारखाच! पण इतकी वर्षं साहेब लोकांचे अहवाल आणि सबबी बडवून त्यांचा जीव विटला होता. स्वतःचा म्हणून एक शब्द कधी त्या कागदांवर उमटला नव्हता. आपणही एकदा काहीतरी बोलावं आणि ते ऐकून काम हलावं, एवढीच त्यांची हौस होती.

आणि संधी चालून आली की! नदीवरच्या नव्या पुलाचे सगळे गाळे, म्हणजे दोन-दोन खांबांवर टेकणारे तुकडे, झाले होते, मधला तेवढा राहिला होता. तो उचलून बसवायला एक अगडबंब क्रेन आली आणि क्रेनबरोबर तिची माणसं आली, थेट ग्रीसहून. गडी एकापेक्षा एक वाकबगार, पण इंग्रजीच्या नावानं आनंदीआनंद. त्यांचा दुभाष्या आल्या आल्या आजारी पडून परत गेला. मोठे साहेब डोकं धरून बसले. तेव्हा ताई टाइप करता करता बोलून गेल्या, "अहो, मला येतं ना ग्रीक!"

सगळी कचेरी वळून बघायला लागली.

थाप नव्हती हं ती. ताईंचा थोरला भाऊ बोटीवर इंजिन सांभाळायचा आणि त्यानं एका बंदरातून ग्रीक बायको करून आणली होती. तो वर्षातले बरेच महिने समुद्रावर, घरात या नणंद-भावजय दोघीच. वहिनी ताईंची भाषा शिकली आणि ताई वहिनीची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ताईंच्या तोंडात ग्रीक असं काही बसलं की त्या ग्रीकमध्ये भांडूसुद्धा शकायच्या. फक्त पुलाबद्दल त्या दोघी कधी बोलल्या नव्हत्या. कशाला बोलतील?

"मग दुभाष्याचं काम तुमचं," साहेब म्हणाले. "पण आधी रिकाम्या हुकावर चाचणी. क्रेनवाल्यांना तुमचं बोलणं चटकन कळलं पाहिजे. नाही जमलं, तर मुख्य कचेरीतून माणूस मागवतो."

ताई घरी उडत आल्या. चपलासुद्धा न काढता त्यांनी जेवणाच्या टेबलावर पूल उभा केला. दोन बिस्किटांचे डबे, त्यांवर इस्त्रीची फळी, आणि डबा आणि फळी यांच्यामध्ये भांडी घासायचा स्पंज.

"वहिनी, हा पूल. येफिरा, ते मला माहीत आहे. आता या डब्याला काय म्हणायचं? पिअर, म्हणजे खांब?"

"वाथ्रो," वहिनी हसत म्हणाली. "आणि वरची फळी कातास्त्रोमा. बोटीच्या डेकलाही तेच म्हणतात, वन्सं."

"आणि हा स्पंज? बेअरिंग! ज्याच्यावर गाळा टेकतो ते."

स्पंजापाशी वहिनीचंही घोडं अडलं. मग दोघी मिळून शब्दकोशात घुसल्या आणि 'एफेद्रानो' सापडल्यावर असा आरडाओरडा केला की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. काठावरच्या शेवटच्या आधाराला, म्हणजे अ‍ॅबटमेंटला, 'आक्रोवाथ्रो' म्हणतात हे कळल्यावर ताई तो शब्द आंघोळ करताना गात होत्या. किती वर्षांत त्यांना इतकी मजा आली नव्हती!

पण इथंच ताईंनी माती खाल्ली. वस्तूंची नावं त्यांनी वहिनीला विचारली, हुकूम मात्र विचारलेच नाहीत. 'वर घ्या', 'खाली सोडा', त्यात काय विचारायचं? चुलीवरचं पातेलं उचलायला वहिनी जो शब्द वापरायची, तो त्यांना पाठ होता. पण पातेल्याचा शब्द पुलाला कसा चालेल? एवढा मोठा गाळा, त्याला शब्दही भारदस्त नको? म्हणून त्यांनी शब्दकोशातून स्वतःच निवडून निवडून वजनदार शब्द काढले आणि वहिनीला ऐकवलेही नाहीत.

चाचणीला ताई इस्त्रीची साडी नेसून, डोक्यावर पिवळी टोपी घालून नदीकाठी उभ्या राहिल्या. साहेब इंग्रजीत म्हणाले, "वर." ताईंनी वॉकीटॉकीत खणखणीत आवाजात सांगितलं, "आनिप्सोस्ते!"

हूक जागचा हलला नाही.

"खाली," साहेब म्हणाले. "कातावीवास्ते!" ताई गरजल्या. क्रेनच्या केबिनमधून आधी खुसखुस ऐकू आली आणि मग सगळी टोळी पोट धरून हसायला लागली. त्यांचा पांढऱ्या मिशांचा मुकादम ताईंपाशी आला आणि ग्रीकमध्ये समजुतीनं म्हणाला, "बाई, शब्द चुकीचे नाहीत. पण हे राजाच्या दरबारात बोलावं. माझी पोरं अर्थ लावत बसली आणि तेवढ्यात गाळा झुलला, तर माणूस चिरडेल."

साहेब एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा एकदा बघू. शेवटचं."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन त्यांनी पिशवी फेकली आणि भडाभडा सगळं सांगितलं. 'आनिप्सोस्ते' ऐकल्याबरोबर वहिनीनं तोंडावर पदर धरला. हसू काही आवरेना.

"हस, हस! माझी संधी चालली आणि तू हस!"

"वन्सं, क्रेनला असं कोण बोलतं? माझे वडील बंदरात क्रेन चालवायचे ना! वर घ्यायचं म्हणजे वीरा! खाली सोडायचं म्हणजे माइना! आणि हळू म्हणजे नुसतं सिगा, सिगा."

आणि ती चक्क स्टुलावर चढली. एक हात हवेत, बोट गोल गोल फिरवत ती ओरडली, "वीराऽऽ! वीराऽऽ!" तिचा तो आवाज ताईंनी याआधी ऐकलाच नव्हता. या घरात वहिनी नेहमी हळू बोलायची, परक्या भाषेत चुकू म्हणून जपून. ताई बघतच राहिल्या. मग त्याही खुर्चीवर चढल्या आणि दोघींनी मिळून इस्त्रीची फळी इतक्या वेळा वर-खाली केली की एका डब्यातल्या बिस्किटांचा चुरा झाला.

सकाळी ताईंनी वहिनीला हट्टानं बरोबर नेलं. धीर म्हणून. "मी चुकले तर कोपर मार," असं बजावलं.

कोपर मारावं लागलं नाही. "वीरा!" ताई ओरडल्या आणि हूक सुरसुर वर गेला. "माइना!" खाली आला. "सिगा, सिगा." एखादं मांजर उतरावं तसा टेकला. मुकादमानं टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "वा! ठरलं मग. दुपारी गाळा उचलायचा, आणि बोलणार तुम्ही."

ताईंना वाटलं, आता आपण जमिनीवर नाहीच. हे आता आपलं! त्यांनी सांगायला मागं वळून पाहिलं, तर वहिनी जागेवर नव्हती.

ती क्रेनपाशी उभी होती. भोवती सगळी टोळी. ती हात नाचवत, डोळे मोठे करत, मोकळ्या गळ्यानं बोलत होती आणि ते राकट गडी तिचं प्रत्येक वाक्य झेलत होते. एकानं काही विचारलं, तिनं फटकन उत्तर दिलं, आणि जो काही हशा उसळला! ताईंना त्यातलं निम्मंच कळलं. बंदरातलं बोलणं होतं ते. त्यांना एकदम उमगलं, की आपण चार हुकूम पाठ केलेत आणि हिला सगळंच येतं. गाळा हवेत असताना पाचवाच शब्द लागला तर?

फार वाईट वाटलं हो ताईंना. खोटं कशाला सांगायचं, डोळ्यांत पाणी आलं. जन्मात एकदा मिळालेलं, तेही असं हातचं सोडायचं? त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग नाक पुसून त्या साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मी नाही. ती बोलेल."

"अहो, आत्ता तर तुम्ही—"

"मला शिकून येतं. तिला जन्मापासून येतं. इंग्रजीही तिला चांगलं कळतं. विचारा मुकादमाला."

मुकादमाला विचारायची गरजच पडली नाही, तो मान डोलावत पुढं आलाच होता. वहिनी मात्र घाबरली. "वन्सं, हे काम तुमचं आहे! मी नाही घेणार."

"गप," ताई म्हणाल्या आणि आपली पिवळी टोपी त्यांनी तिच्या डोक्यावर दाबून बसवली.

दुपारी दोन्ही काठांवर गर्दी झाली होती. ताई लोकांना अडवायला बांधलेल्या दोराच्या अलीकडे, लोकांत. "वीरा!" वहिनीचा वॉकीटॉकीतला आवाज लाउडस्पीकरवरून नदीभर घुमला आणि तो प्रचंड गाळा पाण्यावरून वर निघाला. मध्येच वाऱ्यानं तो जरा वळला. वहिनीनं भराभर काहीतरी सांगितलं, ताईंना ओळखीचा नसलेला एक शब्द दोनदा म्हटला, आणि गड्यांनी गाळ्याला बांधलेले दोर ताणून तो सरळ केला. "माइना... सिगा... सिगा..." खांबांच्या मधोमध तो उतरत गेला, उतरत गेला आणि कसलाही आवाज न करता टेकला.

वॉकीटॉकीवर ग्रीकखेरीज एक अक्षरही बोलायचं नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. पण त्या क्षणी लाउडस्पीकरमधून दोन्ही काठांना, त्या सगळ्या ग्रीक गड्यांना आणि साहेबांना ऐकू आलं,

"वन्सं! अहो वन्सं, बसला हो! बसला!"