कठियाचा पराग

आमचे यजमान धारला दरबारच्या बागेत नोकरीला होते. गव्हाच्या दोन जातींचा संकर करायचं काम त्यांच्याकडे होतं. कठिया गहू माझ्या माहेरचा, बदनावरचा, लांब कुसळांचा. पिसी गहू धाकट्या जावेच्या माहेरचा, देवासचा. त्याच्या ओंबीला कुसळ नाही. दीर बागलीला असत, म्हणून जाऊ आमच्याकडे राही.

कठियाच्या कोवळ्या ओंबीतले केसर चिमट्याने काढायचे आणि पिसीचा पराग लावायचा. माझ्या हातून ओंब्या मोडत. जावेच्या हातून एकही मोडली नाही.

भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयीशी बोलायचं नाही, अशी रीत होती. तिच्यासाठीचे निरोप हे जेवताना मला सांगत.

"तिला सांग, इतका हलका हात मी पाहिला नाही."

मी तिला सांगितलं, "हळू कर म्हणताहेत."

"अजून हळू? मग होळीपर्यंत इथेच बसते, जाऊबाई."

दुसऱ्या वर्षी त्या संकराची रोपं ओंबीवर आली. सगळी बिनकुसळांची, तिच्या पिसीसारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे मात्र खुशीत होते. म्हणाले, "कठियाचा गुण मेला नाही, गप्प बसलाय. या ओंब्यांना आता कठियाचा पराग दिला की कुसळं परत येतील. तिला नीट सांग. दरबारात मी तसा शब्द दिलाय. आणि हे तिच्याच हातून व्हायला हवं."

तिच्याच हातून! मी आमटी वाढली.

सकाळी जावेने विचारलं, "पराग कुठला घ्यायचा?"

"गेल्या वर्षीचाच. पिसीचा."

कुसळं माझ्या माहेरची होती, हे मला कळत होतं. तरी मी तसं सांगितलं.

तिसऱ्या वर्षी सगळा वाफा पुन्हा बिनकुसळांचा. हे घरात येऊन ओरडले, "कठियाचा पराग सांगितला होता ना?"

"मी सांगितला होता," मी म्हणाले.

जाऊ दाराआड होती. तिने सगळं ऐकलं. ती पुढे येऊन बोलू शकत नव्हती. माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "त्यांना सांगा, चुकलं माझं."

तो निरोप मी शब्द न बदलता दिला.

त्यानंतर चिमटा माझ्याकडे आला. पहिल्याच सकाळी चार ओंब्या मोडल्या. यांनी चिमटा काढून घेतला आणि माळ्याला दिला. जावेला पुन्हा कोणी बोलावलं नाही, आणि मीही खरं सांगितलं नाही.