पडद्यावरची कोरी जागा

पवनी गावात नाटकाचे पडदे रंगवणारा एक म्हातारा मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. जमिनीवर पसरलेल्या पडद्याच्या कडेकडेनं तो अनवाणी फिरत होता आणि लांब काठीला बांधलेल्या ब्रशनं, न वाकता, दिवाणखान्याची भिंत रंगवत होता. मधोमध मात्र एक मोठा चौकोन कोराच होता.

मला वाटलं, काम अर्धवट आहे. गंमत म्हणून मोबाईलवर फोटो काढून एआयला अर्थ विचारला आणि उत्तर त्याला वाचून दाखवलं: "ही रिकामी जागा घरातून निघून गेलेल्या माणसाची आहे. चित्रकार अजून त्याची वाट पाहतो आहे."

तो खदखदून हसला. "तिथं सोफा ठेवतेत जी! सोफ्याच्या मांगं कोन पायते? कायले रंग वाया घालवाचा?"

मीही हसलो. तो रंगाच्या डब्याकडे वळला, पण ब्रश काही बुडवला नाही. त्या चौकोनाकडे बघत उभा राहिला.

"मी त सगळ्याच पडद्यावर एवढी जागा सोडतो," तो हळूच म्हणाला. "मंग इतके वर्ष मी कोनाची वाट पाहून रायलो?"

'सोफ्याची' एवढंच तर म्हणायचं होतं. माझ्याच्यानं म्हणवलं नाही.