फटाकेवाल्या अंकलची सही

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या आत कागद चिकटवला की दंड होतो. मला माहीत आहे, कारण मी चिकटवला होता. त्यानंतर मी पत्रक हातात घेऊन एकेक दार वाजवायला सुरुवात केली. "दर वीकेंडला समोरच्या मॉलची आतषबाजी. काळा धूर तुमच्या घरात, धमाका तुमच्या बाळाच्या कानात. सही करा." आईला दमा आहे आणि मला राग येतो. मोहिमेला एवढं भांडवल पुरतं.

अडचण एकच होती. ती आतषबाजी उडवणारा माणूस आमच्याच तिसऱ्या मजल्यावर राहायचा. साठी उलटलेले एक इंग्रज गृहस्थ. सगळी बिल्डिंग त्यांना फटाकेवाले अंकल म्हणायची. त्यांचं दार मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, पण त्याआधी तेच आमच्याकडे चहाला आले.

त्यांची यायची पद्धत ठरलेली होती. बूट दाराबाहेर. मग किल्ल्या, सुटी नाणी, लायटर, सगळं खिशातून काढून चपलांच्या कपाटावरच्या स्टीलच्या वाडग्यात. मगच आत पाऊल. वाडगा आईने त्यांच्यासाठीच ठेवला होता.

"बघ," ती मला ऐकवायची, "गोऱ्याला कळतं. आणि तू बुटांसकट सोफ्यावर!"

मी त्यांना एकदा विचारलं होतं. संस्कार वगैरे काही नव्हतं. उत्तर इंग्लंडमधल्या एका फटाक्यांच्या कारखान्यात ते शाळा सोडल्या सोडल्या लागले होते. कारखाना म्हणजे माळावर लांब लांब बांधलेल्या लाकडी शेड, एकेका शेडमध्ये दोनच माणसं.

"दोनच का?"

"उडाली तर दोनच जावीत म्हणून."

दारात बूट बदलायचे, खिसे उलटे करून दाखवायचे. तळव्याला चिकटलेला खडा, खाली पडलेली किल्ली, एवढी ठिणगीसुद्धा फटाक्याच्या दारूला पुरते. मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे संस्कारच ना?"

तर त्या दिवशी त्यांनी पत्रक टेबलावरून उचललं आणि शांतपणे वाचलं.

"हा धूर काळा नसतो, पोरी. पांढरा असतो. दुरुस्त कर."

"अंकल, हे तुमच्या पोटावर येईल."

"ते कधीच आलंय." त्यांनी पेन मागितलं. स्वतःचं वाडग्यात होतं.

मला चीड आली. विरोधकाने असं वागायचं नसतं. मी म्हटलं, तुम्ही कारागीर आहात, तुमच्या हातात कला आहे. पत्रकात ही वाक्यं चालतात.

"होतो," ते म्हणाले. "आकाशात फुटणारा एक मोठा गोळा बनवायला आम्हाला अख्खा आठवडा लागायचा. कागदाचे थर फाडून चिकटवायचे, कापून नाही. फाडलेली कड नीट बसते. मग चीनमधून तयार खोकी यायला लागली, आमच्या नुसत्या कागदाच्या खर्चात. आधी गोळे बंद केले, मग बाण. शेवटच्या वर्षी आम्ही त्या खोक्यांवर आमच्या कारखान्याचं लेबल चिकटवत होतो. खाली बारीक अक्षरात इंग्लंडचा पत्ता."

"आणि तुम्ही काहीच केलं नाही? संप? मोर्चा?"

"लेबलं सरळ चिकटवली."

इथे ते खोकी उघडायचे, तारा जोडायचे, बटण दाबायचे. "बनवत नाही, उघडतो," असं म्हणून त्यांनी सही केली. अक्षर अगदी सुबक.

दीड महिन्यात मॅनेजमेंटची मेल आली. रहिवाशांच्या भावनांचा आदर करून मॉल यापुढे ड्रोन शो करणार. मी जिंकले होते. आईने शिरा केला. पहिला शो अंकलनी आमच्या बाल्कनीतून पाहिला. आकाशात उंट चालला, ससाणा उडाला, आवाज शून्य.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणाचंच बोट जाणार नाही."

त्याच आठवड्यात आतषबाजीच्या कंत्राटदाराने त्यांना नोटीस दिली. नोकरी गेली की व्हिसा जातो. खलास. मी नवीन पत्रक लिहायला बसले.

"कसलं?" आईने विचारलं.

"अंकलची नोकरी वाचवा."

"आधी बंद करा म्हणून, आता चालू करा म्हणून? वॉचमन हसेल." मग जरा थांबून ती म्हणाली, "माझं नाव पहिलं घाल."

अंकलनी सही केली नाही. पहिल्या पत्रकावर केली होती, आणि दोन्हींवर करणारा माणूस विश्वासाचा नसतो, असं त्यांचं म्हणणं.

विमानाच्या दिवशी ते चहाला आले. बूट बाहेर काढले आणि सरळ आत आले. सोफ्यावर बसले तेव्हा खिशात किल्ल्या वाजल्या. आई वाडगा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आता कशाला?" ते म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. "सांग त्यांना, कारखाना बंद झाला असेल. माझं घर चालू आहे."

मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी उभं राहून दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, अस्तरासकट. किल्ल्या वाडग्यात पडल्या. मग चहा झाला. निघताना नाणी आणि लायटर त्यांनी परत घेतले, फ्लॅटच्या किल्ल्या खाली द्यायला मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या वॉचमनला नेऊन दिल्या. त्याने त्या खिळ्याला अडकवल्या आणि विचारलं, "मॅडम, अब किसके खिलाफ?"

तो हसला मात्र नाही.