डाव्या नळीतला काळा डाग

माहा लहाना भाऊ प्रेमदास गेला, हे मले अजून पटून नाई राह्यलं. शनिवारी सकाळी भाकर खाऊन दुकानात गेलता. मांगून गुलाबचा फोन आला. गुलाब म्हणजे त्याच्या दुकानाच्या बाजूचा चहावाला. "बाई, लवकर येजा, भाऊ उठून नाई राह्यले." मी म्हटलं, झोपला असन. जाऊन पाह्यलं तर खरंच झोपल्यासारखाच होता. भिंतीले टेकलेला. तांब्याची तार बोटाले गुंडाळलेली तशीच.

जाम गावच्या चौकात त्याचं दुकान. लोकायच्या विहिरीवरल्या मोटरा जळते ना, त्या तांब्याच्या तारेनं पुन्हा बांधून देणं हे त्याचं काम. मी त्याची थोरली बहीण. माहे मालक वारल्यापासून त्याच्याच घरी राहते. घरात तो, त्याची बायको अनुसया, पोरगी नंदिनी अन् मी.

दिवाळी झाल्यावर आमी सारे गिरडले फिराले गेलतो. टेकडीखाली दुकानं लागते, तिथं त्यानं दुर्बीण पाह्यली अन् तिथंच बसला. अनुसया म्हणे, "अवो, पोरीले चप्पल घ्याची हाय." हा म्हणे, "चप्पल घेऊच ना. पहिले हे पाह्य, टेकडीवरून आपलं गाव दिसते का." गाव काई दिसलं नाई. पण दुर्बीण घरी आली.

त्याच दिवशी दिवेलागणीले अंगणातून वरडला, "बाई! अवो बाई! बाहेर ये!" आमाले वाटलं साप निघाला. काठी घेऊन पळालो. तर हा वर तोंड करून उभा.

"चांदाले खड्डे हाय वो! सारे खड्डेच खड्डे!"

मी डोळ्याले लावली तर चांद नाचून राह्यला. तो म्हणे, "हात हालते तुहा. खाटीवर पड, कोपरं टेकव, श्वास धर." तसं केलं. माय वो! कड्याकड्यानं खड्डे, अन् खड्ड्यात सावली. एवढ्या वर्सापासून डोक्यावर हाय, अन् मले माईत नाई. मी घाबरून दुर्बीण खालीच ठेवली. तो हासे, म्हणे, "पडत नाई तुह्या अंगावर."

मंग रोजचंच झालं. जेवण झालं की खाट अंगणात. त्याले काई येत नोतं त्यातलं. मधली चकरी फिरवाची, तारा बारीक टिंबासारका झाला की थांबाचं, एवढंच. गुलाब चिडवे, "काहो भाऊ, कोणाच्या घरात पाहून राह्यले?" हा म्हणे, "तुह्या चहात पाणी किती हाय थे दिसते वरून."

आमी ज्याले तिफण म्हणतो ते मृगातले एका ओळीतले तीन तारे थंडीत वर येते. त्याच्या खाली त्याले एक धुकट डाग दिसला. म्हणे काच मयली हाय. फडक्यानं पुसली. डाग तसाच. दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन दुर्बीणच खोलली, साफ केली, बसवली. डाग तिथंच! नंदिनीनं मोबाईलवर पाह्यलं अन् म्हणे, "बाबा, तो डाग आभाळातच हाय. धुराचा ढग हाय. तिथं नवे तारे बनते म्हणे." तो खाटीवर उठूनच बसला. मंग म्हणे, "अन् मी त्याले फडक्यानं पुसून राह्यलो होतो!" आमी सारे हासून हासून बेजार.

म्हणून जवा काळा डाग दिसला, तवा पहिले त्यानं नंदिनीलेच इचारलं. "हा काळा कोणता ढग हाय गं?" ती म्हणे, "कुठं बाबा?" हा म्हणे, "तिफणीवर. चांदावरबी हाय. जिकडे पाह्यलं तिकडे हाय."

मंग त्याच्या ध्यानात आलं, की डाग डाव्या नळीतच दिसते. पुन्हा खोलली. म्हणे ओल गेली असन, तांदळाच्या डब्यात ठेवली. अनुसया मले म्हणे, "पाह्य वो बाई, आता आमी दुर्बिणीचा भात खाऊ." डब्यातून काढली तरी डाग. आमी सगळ्यायनं डोळ्याले लावून पाह्यली. आमाले तर साफ दिसे. गुलाब म्हणे, "भाऊ, तुमच्या डोळ्याचीच मोटर जळली." प्रेमदासबी हासला.

पण मनात घेतलं त्यानं. मोटरीत बिघाड कुठं हाय हे समजत नसलं की तो वायरी इकडच्या तिकडं लावून पाहे. तसंच त्या दिवशी केलं. दुर्बीण उलटी धरली, वरची बाजू खाली. म्हणजे डावी नळी उजव्या डोळ्यावर आली. पाह्यलं. पुन्हा सुलटी धरली, पाह्यलं. पुन्हा उलटी. डाग नळीसोबत गेलाच नाई. मंग दुर्बीण खाटीवर ठेवली अन् तळहातानं उजवा डोळा झाकला. मी त्याच्या समोरच उभी होती.

म्हणे, "बाई, तू तिथंच हायेस ना?"



वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डोळ्यात औषध टाकून बसवलं. डॉक्टरनं आत उजेड पाडून पाह्यलं अन् इचारलं, "शुगर कधीपासून आहे?" हा म्हणे, "मले शुगर नाई." बोटाले टोचलं. सिस्टर त्या मशीनकडं पाहतच राह्यली, दुसऱ्या मशीननं पुन्हा टोचलं. तेच निघालं. डॉक्टर म्हणे, लय वर्सापासून असन, तुमाले समजलंच नाई. डोळ्याच्या मांगच्या पडद्यावर रक्त आलं हाय. गोळ्या दिल्या, हार्टबी तपासाले सांगतलं, लेझरले सोमवारी बोलावलं. प्रेमदासनं एकच इचारलं, "डाग जाईन का साहेब?" डॉक्टर म्हणे, "उजवा वाचवू. डाव्याचं आत्ताच सांगता येत नाही."

बाहेर भिंतीवर नेत्रदानाचा बोर्ड होता. तो मले म्हणे, "माहा डावा कोण घेईन बाई? भंगारवालाबी नाई घेणार." अनुसया म्हणे, "गप बसा तुमी! काईच्या काई बोलता!"

घरी आल्यावर चहातली साखर बंद. गोळ्या टायमावर. रोज संध्याकाळी उजवा डोळा झाकून बल्बाकडं पाहे. शुक्रवारी म्हणे, "बाई, कड दिसून राह्यली वो थोडी. सोमवारचं झालं की तिफण पाहतो या डोळ्यानं." चांगला बोलत होता माणूस. रात्री जेवला. सकाळी गेला.

हार्टचं होतं म्हणे. तपासाले आलेल्या डॉक्टरले मी म्हटलं, छातीत दुखते म्हणून एका शब्दानं बोलला नाई तो. डॉक्टर म्हणे, शुगरवाल्याले कधी कधी दुखतच नाई. असं कसं असते? बोट कापलं तर माणूस वरडते, अन् जीव गेला तर समजत नाई?

अनुसया दुपारपर्यंत भिंतीकडं पाहत बसली होती. मंग एकदम म्हणे, "नंदिनी, त्या डोळ्याच्या दवाखान्यात फोन लाव."

दवाखान्यातून डोळे न्याले दोघं जण आले, एक बाई अन् एक पोरगा. मी त्यायले दारातच सांगतलं, "डावा खराब हाय. त्याले दिसत नोतं त्यानं." ती बाई म्हणे, "मावशी, खराब मागचा पडदा होता. आम्ही समोरची बाहुलीवरची काच नेतो. ती दोन्ही डोळ्यांची चांगली आहे. डावीही कोणाला तरी लागेल."

मी दाराची चौकट धरून उभी राह्यली.

मांगून कोणतरी म्हटलं, "बिना डोळ्याचा पाठवता का वो त्याले?" अनुसया उठून उभी राह्यली. म्हणे, "त्याले डाव्यानं पाहाचं होतं. पाहू द्या."

आमाले बाहेर बसवलं. थोड्या वेळानं आत बोलावलं. मले वाटलं होतं, तोंड पाहवणार नाई. पण तोंड तसंच होतं, पापण्या लागलेल्या, काईच समजत नोतं. मी त्याच्याजवळ बसली अन् डाव्या पापणीकडं पाहत राह्यली. सारे म्हणे, उठ बाई, न्याचा टाइम झाला. मी म्हटलं, थांबा थोडं, मले पापणी हालल्यासारकी वाटली.