लाइट येईपर्यंतचा डाव

कवड्या टाकण्याआधी भाऊ मुठीत फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "कवडी देवाची, सोंगटी आपली." फुंकर एवढी जोरात, की समोरच्याच्या डोळ्यांत कोंडा जायचा. धसईत त्यांची भातगिरणी, त्यामुळे कोंडा कायम अंगावर. समोर माझं किराणा दुकान. तुम्ही असतात तर तुम्हीही गल्ला सोडून बघत बसला असतात.

लाइट गेली की गिरणी बंद. भात घेऊन आलेली माणसं पोत्यांवर टेकायची आणि भाऊ सोंगट्यांचा पट पसरायचे. नियम एकच, लाइट आली की डाव मोडला. भाऊ हरत असले की त्यांचं लक्ष पटावर कमी आणि बल्बवर जास्त.

त्यांचे व्याही शहापूरचे, बुद्धिबळवाले. सोंगट्या म्हणजे नुसतं नशीब, असं नाक मुरडून सांगायचे. भाऊ म्हणायचे, "बुद्धिबळात हरलो तर गाढव मीच. इथं हरलो तर कवड्या गाढव. भात आमी पेरतो, पाऊस तो टाकतो. मंग?"

एकदा शब्दाला शब्द वाढला आणि पैज लागली. हरेल त्याने मिशी काढायची. आता भाऊंची मिशी म्हणजे, अहो, तिला जपण्यासाठी ते चहा बशीतून प्यायचे! व्याह्यांना तर सोंगटी कुठून निघते हेही मीच शिकवलं. पण कवड्या मेल्या फितूर. व्याह्यांना पंचवीसवर पंचवीस. भाऊंनी सगळी अक्कल पणाला लावली, तरी शेवटी जिंकायला त्यांना पंचवीसच हवी होती. दान त्यांचं, आणि तेवढ्यात बल्ब पेटला. डाव मोडला, मिशी वाचली. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला.

भाऊ उठले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. "माझं एक दान बाकी हाय," म्हणाले. फुंकर मारली, टाकलं. दोन पडले.

ब्लेड माझ्याच दुकानातून नेलं. घरी वहिनींनी दारातच विचारलं म्हणे, कोण पायजे?

मिशी परत आली, होती त्याहून झुपकेदार. भाऊ मात्र गेल्या पावसाळ्यात बसल्या जागी गेले. मला अजून दुकानात करमत नाही.

गिरणी आता त्यांचा मुलगा चालवतो. परवा लाइट गेली तेव्हा व्याही आलेले होते. त्यांनी पट पसरला. समोर कुणी नाही. मुठीत फुंकर मारून त्यांनी आपलं दान टाकलं, सोंगटी सरकवली आणि कवड्या पलीकडे ठेवल्या. तेवढ्यात बल्ब पेटला. मुलगा गिरणी चालू करायला उठला.

व्याह्यांनी जाऊन मेन स्विच खाली ओढला.

"थांब रे जरा," ते म्हणाले, "त्यांचं दान बाकी हाय."