इस्त्रीच्या मण्यांचा हलवा

गेल्या भोगीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पलूसच्या महिला प्रदर्शनातून वायरकाकूंचं टेबल उचलून फाटकाबाहेर ठेवण्यात आलं. कारण काय, तर प्रमुख पाहुण्या बाईंनी त्यांची कला चावून बघितली.

हसा. मीही हसले. पण आधी काकू कोण ते ऐका. त्यांच्या घरात शेतपंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरायचा धंदा. काकांच्या हाताखाली तार गुंडाळता गुंडाळता काकूंनी उरलेल्या तांब्याची एक नथ वळली, आणि तिथून बायको हातची गेली, असं काका म्हणतात. म्हणतात, आणि बोटातली तांब्याची अंगठी सगळ्यांना दाखवतात.

बंद मोबाईल, फुटका रिमोट, काहीही न्या, काकूंचा पहिला प्रश्न, "कुणाचा व्हता?" उत्तर मिळाल्याशिवाय पेचकस हातात घेत नाहीत. मग दागिना देताना सगळं कूळ सांगतात. "हे डूल सरपंचांच्या टीव्हीचं हाईत. लय बातम्या ऐकल्यात त्येंनी. आता जरा बरं काय तरी ऐकवा."

नवं कानातलं आधी आठ दिवस त्यांच्याच कानात. "खाज सुटली तर मोडीत. लोकांचं कान वाटंवर पडल्यात व्हय?" आमच्या ई-कचरा मोहिमेचं पत्रक मी त्यांना मोठ्या तोऱ्यात दिलं होतं. वाचून म्हणाल्या, "पोरी, समदं मरणाचंच लिवलंयस. ह्ये कोण घालंल गळ्यात?" तेव्हापासून माझी पत्रकं निम्म्या लांबीची झाली आणि लोक ती वाचायला लागले.

तर ती भोगी. कलाकारांच्या रांगेत काकूंना पहिल्यांदाच टेबल मिळालेलं. नव्या सुनांना संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतात, म्हणून त्यांनी जुन्या इस्त्र्यांच्या तारेवरचे चिनी मातीचे पांढरे मणी ओवून हार, बिंदी, बाजूबंद केले होते. दिसायला अस्सल हलवा. शेजारचं टेबल तिळगुळाचं. बाईंनी कौतुकानं एक मणी काढला आणि दाताखाली धरला.

दात वाचला. टेबल गेलं. "खाण्याच्या वस्तूंशेजारी भंगार चालणार नाही," आयोजक म्हणाले. शेजार लावला कोणी? त्यांनीच.

काकू बाईंना एवढंच म्हणाल्या, "आवं, साखरंच्या हलव्याला मुंग्या लागत्यात. ह्यो तुमच्या नातसुनंला बी हुईल." आणि बाईंनी तो हार खरंच घेतला, फाटकाबाहेर उन्हात उभं राहून.

यंदाच्या यादीत काकूंचं नाव 'भंगार विक्रेते' या मथळ्याखाली आहे. जागा पुन्हा फाटकाबाहेर. मी भांडायला निघाले, तर म्हणाल्या, "असू दे." मग मणी ओवता ओवता म्हणाल्या, "त्या रांगंत एक दिस पुरा बसायचं व्हतं, बघ."

असू दे म्हणायचा हक्क काकूंचा आहे, तुमचा नाही. काकूंना कलाकारांच्या रांगेत बसवा, असा अर्ज घेऊन सोमवारी तुमच्या दारात येते आहे. चहा ठेवू नका. सही करा.